आडरानातले घर आणि स्वयंपूर्णतेचा हिशेब

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. रात्रीचे जेवण आटोपून आम्ही चारपाच जण वसतिगृहाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. परीक्षा, नोकरी, घरचे कर्ज असे नेहमीचेच विषय चालले असता एका मित्राने खिशातून घडी घातलेला कागद काढला. ती जमीनविक्रीची जाहिरात होती. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, जंगलाला लागून पाच एकर जमीन. शेजार नाही, विजेची तार नाही, रस्ता कच्चा. आणि हे सारे दोष म्हणून नव्हे, तर गुण म्हणून सांगितलेले! 'स्वयंपूर्ण जीवनासाठी उत्तम' असे खाली ठळक अक्षरांत छापले होते.

मित्राचे वडील येत्या मे महिन्यात निवृत्त होणार आहेत. मित्राचे म्हणणे असे की, त्यांच्या फंडाचे पैसे शहरात दोन खोल्या घेण्यात घालवण्यापेक्षा ही जमीन घ्यावी. स्वतः पिकवावे, स्वतः खावे, कोणाचे मिंधे राहू नये. आमच्यापैकी दोघे हसले. मला मात्र हसू आले नाही. तुमच्या-आमच्या वयाच्या किती तरी मुलांच्या मनात हा विचार कधी ना कधी येऊन गेलेला असतो. मी शेतकऱ्याच्या घरातला, म्हणून त्याने मलाच विचारले, "तू हिशेब करून सांग, जमेल का?" तो हिशेब मी केला. त्यासाठी ग्रंथालयात बसलो, आमच्या प्राध्यापकांना त्रास दिला, आणि सुट्टीत घरी गेल्यावर आजीलाही विचारले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

बालाघाट कोठे आहे?

आपल्या भागातील वाचकांना बालाघाट हे नाव परके वाटेल. पण तोही आपल्यासारखाच सीमेवरचा जिल्हा आहे. त्याच्या दक्षिणेला महाराष्ट्रातील गोंदिया व भंडारा, पूर्वेला छत्तीसगड, उत्तरेला मंडला, तर पश्चिमेला शिवनी. हा मुलूख पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. इंग्रजांनी १८६७ मध्ये भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून तो वेगळा जिल्हा केला. १९५६ पर्यंत त्याची राजधानी नागपूरच होती. त्यामुळे हिंदी, मराठी, पोवारी, गोंडी अशा अनेक बोली तेथे आजही एका बाजारात ऐकू येतात.

'बालाघाट' म्हणजे घाटावरचा प्रदेश. वैनगंगेच्या काठची वारासिवनी, लालबर्रा, कटंगीची सखल जमीन भाताची आहे. तेथील चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घाट चढून बैहर-परसवाड्याच्या पठारावर गेले की जंगल लागते. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की प्रवेशद्वार याच जिल्ह्यात आहे. जिल्ह्याचा निम्म्याहून अधिक भाग वनाखाली आहे. साग, साल, बांबू, मोह, तेंदू, चार, हिरडा ही तेथील झाडे. पाऊस वर्षाला सुमारे दीड हजार मिलिमीटर, पण तो बहुतेक सारा जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पडून मोकळा होतो. पुढचे साडेआठ महिने त्या पाण्यावर काढावयाचे असतात. म्हणून हिशेबाची सुरुवात पाण्यापासूनच करू.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. हे सोपे सूत्र लक्षात ठेवले की बाकीचे गणित शाळेतल्या मुलालाही करता येईल. घराचे छप्पर ६० चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेसहाशे चौरस फूट धरू. त्यावर १,५०० मिलिमीटर पाऊस पडला तर ९०,००० लिटर. उडून, सांडून व पहिल्या पावसाचे घाण पाणी सोडून देऊन पाचवा हिस्सा वजा केला, तरी ७२,००० लिटर उरतात. पाच माणसांच्या कुटुंबाला माणशी ४० लिटर धरले तर रोज २०० व वर्षाला ७३,००० लिटर लागतात. म्हणजे जमाखर्च जवळजवळ जुळला! माझा मित्र येथे फार खूष झाला.

पण पाणी पडते साडेतीन महिने आणि लागते बारा महिने. पावसाळ्यानंतरच्या सुमारे २५५ दिवसांसाठी ५१,००० लिटर साठवावयाचे तर केवढी टाकी बांधावी लागेल याचा विचार करा. केवळ पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी साठवावयाचे ठरवले, माणशी १० लिटर, तर तेरा हजार लिटरांची टाकी पुरते. तीन मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद व दोन मीटर खोल अशी पक्की, झाकलेली टाकी घराखाली किंवा घरालगत बांधता येते. हे शक्य कोटीतले आहे.

आता जनावरे घ्या. उन्हाळ्यात एक बैल दिवसाला ४०-५० लिटर पाणी पितो. दोन बैल आणि एक गाय यांना सव्वाशे ते दीडशे लिटर लागले. आणि भाजीपाला? दहा गुंठे म्हणजे सुमारे एक हजार चौरस मीटर. चैत्र-वैशाखात तेथे दर चौरस मीटरला पाच लिटर पाणी द्यावे लागेल असे धरले, तर रोज पाच हजार लिटर! म्हणजे पाच माणसे पंचवीस दिवसांत जेवढे पाणी वापरतील, तेवढे भाजीला एका दिवसात. येथे छपराचे पाणी संपते आणि विहीर, बोडी किंवा शेततळे सुरू होते. वैनगंगेच्या खोऱ्यातील जुन्या लोकांनी हे फार पूर्वी ओळखले होते. शेजारच्या भंडारा-गोंदिया भागात कोहळी समाजाने बांधलेले शेकडो तलाव आजही भाताला पाणी देतात. तो तलाव एका घराचा नसे. तो गावाचा असे, आणि त्याची पाळ दुरुस्त करायला गाव लागे.

धान्याचा हिशेब

माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य धरू. पाच माणसांना रोज दोन किलो, वर्षाला सुमारे साडेसात क्विंटल. भात भरडल्यावर शंभर किलोला साधारण ६५ किलो तांदूळ निघतो. म्हणजे साडेअकरा क्विंटल भात पिकला पाहिजे. पावसावरच्या एका एकरात बऱ्या वर्षी दहा-बारा क्विंटल भात होतो. बियाणे राखून, उंदीर-घुशींचा वाटा देऊन, आणि एखादे साल बुडते हे ध्यानात घेऊन दीड ते दोन एकर भाताला ठेवावेत. डाळ वर्षाला ७०-७५ किलो लागेल. त्यासाठी तूर बांधावर लावता येते. भात उभा असतानाच त्याच्या ओलीत लाख किंवा जवस फेकून पेरण्याची 'उतेरा' पद्धत त्या भागात आहे, तिचाही उपयोग होईल. तेलासाठी तीळ, मोहरी, जवस मिळून अर्धा-पाऊण एकर. उरलेल्या जागेत घर, गोठा, विहीर, फळझाडे, भाजी. पाच एकर म्हणजे भरपूर, असे कागदावर दिसते.

भाजी व फळे यांच्याबाबतीत तर आपल्या शेजारच्या कोल्हापूरचेच उदाहरण आहे. श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला व दहा गुंठे जमिनीत एका कुटुंबाची गरज कशी भागवता येईल याचे गणित मांडले. त्यांच्या मांडणीतला गाभा असा की, झाड अन्न तयार करते ते मुख्यतः सूर्यप्रकाश, हवा आणि पाणी यांतून. म्हणून किती जमीन आहे यापेक्षा किती पाने किती ऊन पकडतात आणि पालापाचोळा मातीला परत मिळतो की नाही, हे पाहावे. पण दाभोळकरांनी आपल्या कामाला नाव काय दिले पाहा. प्रयोग 'परिवार'! एकाने केलेला प्रयोग दुसऱ्याला सांगायचा, चुकलेलाही सांगायचा, हा त्या नावाचा अर्थ. आडरानात एकट्याने बसून जो चुकतो, त्याला तीच चूक पुन्हा स्वतःच शोधावी लागते.

कागदावरच्या हिशेबात दोन गोष्टी सुटतात. पहिली मजुरी. भाताची रोपे साधारण पंचवीस-तीस दिवसांची झाली की लावणी व्हायलाच हवी. पाऊस आणि रोप दोघेही थांबत नाहीत. एका एकराच्या लावणीला दहा-बारा माणसांचा दिवस लागतो. दोन एकर असतील तर घरातली तीन मोठी माणसे आठवडाभर चिखलात वाकून राहतील, आणि त्यातले एक तापाने पडले तर हंगाम गेला. म्हणूनच आपल्याकडे पैऱ्याची रीत आहे. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. कन्नडमध्ये यालाच 'मुय्याळु' म्हणतात. दोन्ही भाषांत शब्द आहे, याचा अर्थ दोन्हीकडे गरज होती.

दुसरी गोष्ट चारा. तीन जनावरांना रोज सात-सात किलो वैरण धरली तर वर्षाला ७५ क्विंटलांवर जाते. दोन एकर भाताचा पेंढा पंचवीस-तीस क्विंटलांपलीकडे जात नाही. बाकीचा चारा कोठून येणार? अर्थात जंगलातून. सरपणही तेथूनच. चुलीला रोज पाच किलो लाकूड म्हणजे वर्षाला अठरा क्विंटल. म्हणजे जाहिरातीतली पाच एकर जमीन ही खरे तर पाच एकरांवर उभी नाहीच. ती तिच्या पाठीमागच्या पन्नास एकर रानावर टेकलेली आहे. ते रान विकत घेणाऱ्याचे नाही. मध्य प्रदेशात गावकऱ्यांच्या या चराईच्या, जळणाच्या व घरगुती लाकडाच्या वहिवाटीला 'निस्तार' म्हणतात. तो हक्क गावाचा असतो, आणि गावात राहणाऱ्याला गावकरी म्हणूनच तो मिळतो. त्या हक्कासाठी माणसे मेली आहेत. १९३० मध्ये शेजारच्या शिवनी जिल्ह्यातील टुरिया येथे जंगल सत्याग्रहाच्या वेळी गोळीबार झाला. तो सत्याग्रह जंगलातल्या गवताचाच होता.

वीज आणि इंधन

विजेचे गणित मात्र आज पूर्वीपेक्षा फार सोपे झाले आहे. नऊ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास, तीस वॅटचे दोन पंखे आठ तास, आणि रेडिओ, मोबाईल, लॅपटॉप यांना मिळून २०० वॅट-तास धरले, तर बेरीज ८६० वॅट-तास होते. एका युनिटहून कमीच. स्वच्छ उन्हाचे पाच तास आणि वाटेतली गळती पस्तीस टक्के धरली तर ३०० वॅटचे पॅनेल रोज सुमारे ९७५ वॅट-तास देते. उन्हाळ्यात व हिवाळ्यात ते पुरते. श्रावणात आठ-आठ दिवस आभाळ भरून राहिले की त्याची शक्ती तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून पॅनेल दुप्पट घ्यावे. बॅटरी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची असेल तर तिच्यात १,८०० वॅट-तास मावतात; पण शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी केली तर लवकर मरते. म्हणजे एक बॅटरी एका दिवसाची सोय. पावसाळ्यासाठी दोन-तीन हव्यात, आणि त्या चार-पाच वर्षांनी बदलाव्या लागतात. पाण्याच्या पंपासाठी पॅनेल वेगळे.

गोबर गॅसचेही असेच. एक घनमीटर गॅसला सुमारे २५ किलो शेण व तितकेच पाणी लागते. पाच माणसांच्या स्वयंपाकाला दीड ते दोन घनमीटर गॅस हवा, म्हणजे ४०-५० किलो शेण. तीन जनावरे बांधून ठेवली तर तीस किलोच्या आसपास शेण मिळेल. रानात चरायला सोडली तर निम्मे रानातच पडेल. म्हणजे चहा-भात गॅसवर आणि भाकरी चुलीवर, असे मिश्र संसाराचे चित्र उभे राहते. यात वाईट काही नाही. पण जाहिरातीतला 'स्वयंपूर्ण' हा शब्द मात्र येथे सैल पडतो. पॅनेल, बॅटरी, पंप, संयंत्राचे सिमेंट हे सारे बाहेरून येणार आणि त्यासाठी रोख पैसा लागणार. विजेची तार तोडली तरी बाजाराची दोरी तुटत नाही.

मीठ आणि लोखंड

हिशेबाच्या या टप्प्यावर मला एक प्रश्न पडला. पूर्वी याच बालाघाटच्या रानात बॅटरी नव्हती, सिमेंट नव्हते. तेथे माणसे राहत होती ती कशी? उत्तर आहे बैगा. बैगा हे मैकल डोंगररांगांतील आदिवासी. ते नांगर धरीत नसत. धरतीमातेच्या उरावर नांगर चालवू नये, अशी त्यांची श्रद्धा. उन्हाळ्यात झाडोरा तोडून जाळावयाचा, राखेत कुटकी, कोदो पेरावयाचे, आणि दोन-तीन वर्षांनी ती जागा रानाला परत देऊन पुढे जावयाचे. या शेतीला 'बेवर' म्हणतात. कंद, मोह, चारोळी, मध, मासे रानातून मिळत. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ मध्ये 'द बैगा' हा मोठा ग्रंथ लिहून हे जीवन जगापुढे मांडले.

यापेक्षा स्वयंपूर्ण कोण असणार? तरी नीट पाहिले तर बैगाच्या कुऱ्हाडीचे लोखंड आगरियाच्या भट्टीतून येई, मीठ आठवडी बाजारातून येई, आणि त्या बाजारापर्यंत मीठ पोचे ते बंजाऱ्यांच्या बैलतांड्यांवरून. पाच माणसांना वर्षाला अठरा-वीस किलो मीठ लागते. बालाघाटातून समुद्र शेकडो मैल दूर. कोणताही माणूस कितीही कष्टाळू असला तरी तेथे मीठ पिकवू शकत नाही. मिठावरच्या कराने हिंदुस्थानातल्या प्रत्येक झोपडीला स्पर्श होतो हे गांधीजींनी १९३० मध्ये ओळखले, त्याचे कारण हेच.

पुढे बैगांचे काय झाले, हेही जाहिरात वाचणाऱ्याने जाणून घ्यावे. जंगल राखीव झाले आणि बेवर बंद करण्यात आली. १८९० मध्ये मंडला जिल्ह्यातील, आजच्या दिंडोरीतील, एका मर्यादित भागात तिला परवानगी ठेवली. त्यालाच 'बैगा चक' म्हणतात. बालाघाटच्या बैगांना नांगर धरावा लागला. कान्हा उद्यान वाढत गेले तशी त्यातील बैगा व गोंड गावे टप्प्याटप्प्याने बाहेर हलवण्यात आली. ज्यांना हे जीवन खरोखर येत होते, त्यांना त्या रानातून उठावे लागले. आणि ज्यांना ते येत नाही, त्यांच्यासाठी त्याच रानाकाठी जमिनीच्या जाहिराती निघतात. हे वाचून माझा मित्र बराच वेळ गप्प होता.

कायद्याची बाजूही आहे. बैहर हा अनुसूचित क्षेत्राचा भाग. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम १६५ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सहजासहजी घेता येत नाही. अधिसूचित क्षेत्रात तर ती मुळीच घेता येत नाही. जमीन स्वस्त आहे असे कोणी सांगितले की पहिला प्रश्न 'पाणी किती' हा नव्हे, तर 'सातबारा कोणाचा होता' हा विचारावा. (तिकडे त्याला खसरा म्हणतात.) २००६ च्या वनहक्क कायद्यानेही जंगलावरचे हक्क दिले आहेत ते पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्यांना, काल आलेल्या खरेदीदाराला नव्हे.

ज्यांनी करून दाखवले

तर मग नव्याने रानात जाऊन कोणी स्वयंपूर्ण झालेच नाही काय? झाले आहेत. बालाघाटपासून फार दूर न जाता, चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळचे आनंदवन पाहा. बाबा आमटे १९५१ मध्ये सरकारने दिलेल्या पन्नास एकर खडकाळ, झुडपी जमिनीवर गेले. बरोबर पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये. विंचू-सापांचे ते रान. पहिले काम विहीर खोदण्याचे, तेही बोटे झडलेल्या हातांनी. पुढे धान्य, भाजी, दूध गरजेपेक्षा जास्त होऊ लागले. पण कुष्ठरोग्यांनी पिकवलेली भाजी घ्यायला आरंभी गावचे लोक तयार नव्हते. म्हणजे जमीन जिंकली तरी शेजार जिंकावयाचा राहिला होता. तोही आनंदवनाने हळूहळू जिंकला. कापड, चपला, छपाई, घरबांधणी अशी किती तरी कामे तेथे तेथल्याच माणसांनी उभी केली.

त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ च्या डिसेंबरपासून गडचिरोलीतील भामरागडजवळ हेमलकशाला काम सुरू केले. तेव्हा तो भाग चंद्रपूर जिल्ह्यातच होता. तेथे वीज नव्हती, रस्ता नव्हता; पावसाळ्यात नद्यांना पूर आला की महिनोन्‌महिने जगाशी संबंध तुटे. एकांत म्हणावा तर यापेक्षा मोठा कोणता? पण ते एकांतासाठी गेले नव्हते. माडिया गोंडांसाठी गेले होते, आणि म्हणूनच टिकले.

बाहेरच्या देशांतली उदाहरणेही हेच सांगतात. अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरो १८४५ मध्ये वॉल्डन तळ्याकाठी स्वतः झोपडी बांधून राहिला. ती जागा त्याचा मित्र इमर्सन याची होती आणि काँकर्ड गाव दीड-दोन मैलांवर होते. सव्वादोन वर्षांनी, १८४७ मध्ये, तो गावात परत आला. थोरो वाचलेल्या गांधीजींनी १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म उभारले. ११०० एकरांची ती जागा हर्मन कॅलेनबाख या मित्राची. तेथे दळण, सुतारकाम, चपला शिवणे, मुलांना शिकवणे सारे हातांनी चाले. पण राहणारी सत्याग्रहींची कुटुंबे होती, एकटा माणूस नव्हता.

बालाघाटचाच इतिहास घ्या ना. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परसवाड्याचे पठार ओसाड रान असता लक्ष्मण नाईक नावाच्या पुरुषाने तेथे पहिली गावे वसवली, असे जुन्या गॅझेटियरांत म्हटले आहे. गावे वसवली, घर नव्हे.

आजीने सांगितलेले

एवढा हिशेब घेऊन मी खानापूर तालुक्यात आजोळी गेलो. आमच्या आजोबांची वस्ती गावापासून लांब, रानाच्या कडेला. माझ्या आईचे लहानपण तेथे कंदिलावर गेले. आजीला मी म्हटले, "आज्जी, तुम्ही तर सगळं घरचंच खात होता. कुणाची गरज लागत नव्हती ना?" आजी हसली. म्हणाली, "मीठ, काडेपेटी आणि माणूस. ह्या तिन्हीला बाहेर जावंच लागायचं."

मग तिने माझ्या मामाच्या जन्माची गोष्ट सांगितली. आषाढातली रात्र, ओढ्याला पाणी. आजोबा बाजाराला गेलेले, ते पलीकडे अडकलेले. आजीच्या पोटात कळा सुरू झाल्या. घरात सासू आणि चार वर्षांची माझी आई. सासूने अंगणात उभे राहून कंदील हलवला. पलीकडच्या वस्तीवर एक कन्नड बोलणारे अज्जा राहत. त्यांच्याशी बांधावरून वर्षभर बोलणे बंद होते. तरी ते आणि त्यांचे दोन मुलगे आले, आजीला बाजल्यावर घातले, खांद्यावर घेऊन वरच्या अंगाने ओढा उतरवला आणि गावातल्या सुईणीच्या घरी पोचवले. पहाटे मामा जन्मला. बांधाचे भांडण पुढे सुरूच राहिले म्हणे, पण बोलणे कधी बंद झाले नाही.

माझ्या हिशेबात ही रक्कम मी कोठेच मांडली नव्हती. बालाघाटचे ते पठार हिवतापाचे, सापांचे. रात्री बारा वाजता दंश झाला तर कच्चा रस्ता, भरलेला नाला आणि मैलोन्‌मैल नसलेला शेजार यांचा अर्थ काय, हे जाहिरात सांगत नाही. मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचे औषध, उभ्या पिकात रानडुकरे शिरली तर रात्रीची राखण, या सर्वांचे उत्तर एकच आहे, आणि ते पॅनेलमध्ये किंवा बॅटरीत साठवता येत नाही.

तात्पर्य

पाणी साठवता येते, वीज करता येते, धान्य पिकवता येते. पाच एकरांत एका कुटुंबाचे पोट कष्टाने भरू शकते, हे हिशेबाने दिसते. मात्र वरकड रोख पैशाची काही सोय हवी, रानावरचा हक्क हवा, आणि हाकेच्या अंतरावर माणसे हवीत. स्वयंपूर्ण होऊ शकते ते गाव. घर फार तर काटकसरी आणि स्वाभिमानी होऊ शकते, आणि तेही काही थोडे नव्हे. मिंधेपणा वेगळा आणि परस्परांचे देणे वेगळे. पैरा फेडणारा कोणाचा मिंधा नसतो.

मित्राला मी हे सारे वाचून दाखवले. त्याने जाहिरात फाडून टाकली असे सांगितले असते तर गोष्ट गोड झाली असती. तसे झाले नाही. कागद अजून त्याच्या वहीत आहे. पण त्याने वडिलांना फंडाबद्दल अद्याप काही सांगितलेले नाही. परीक्षा झाल्यावर तो बालाघाटला जाणार आहे, जमीन पाहायला नव्हे, तर आधी तिच्या जवळचे गाव पाहायला. तेथे महिनाभर कोणाच्या तरी शेतावर लावणी करीन, गावाने मला ठेवून घेतले तर जमिनीचा विचार, असे म्हणतो. मी त्याला एक किलो मीठ बरोबर न्यायला सांगितले आहे. ज्याच्या घरी उतरेल त्याला द्यायला.